बोट, तांडेल आणि ड्रॅक्युला

या पुस्तिकेत गडबच्या माणसांनी एका टीव्ही मालिकेच्या एकाच भागाबद्दल सांगितलेली मतं आहेत. मालिकेचं नाव 'ड्रॅक्युला'. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीवरून मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मोफॅट यांनी ती लिहिली, बीबीसीने १ जानेवारी २०२० पासून ओळीने तीन रात्री दाखवली आणि त्याच आठवड्यात ती नेटफ्लिक्सवर आली. तीन भागांपैकी दुसरा भाग जवळजवळ सगळा एका जहाजावर घडतो. पहिला भाग इथल्या काहींनी पाहिला होता, तिसरा थोड्यांनी शेवटपर्यंत नेला. पण बोलायला बसलं की सगळे बोटीवरच येत. म्हणून पुस्तिकाही बोटीपुरतीच ठेवली आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालं की रायगडच्या पेण तालुक्यातलं गडब लागतं. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना, खाली खारजमिनीतली भातशेती, शेतीच्या कडेला मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. भर समुद्रात मोठ्या जहाजांतून उतरवलेला कोळसा आणि लोहखनिज घेऊन बार्ज भरतीच्या पाण्यावर धरमतरला येतात. इथल्या घराघरांत कुणी ना कुणी बार्जवर खलाशी आहे, कुणी होडी वल्हवलेली आहे, कुणाचे आजोबा मचव्यावर तांडेल होते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं, की पुढची काही वर्षं त्या शेतात भात धड पिकत नाही. रात्री पाण्यातून येणाऱ्या संकटाची धास्ती इथे गोष्टीतून शिकावी लागत नाही. अशा गावाने जहाजावरचा भयपट पाहिला तर ते काय म्हणेल, हे मला जाणून घ्यायचं होतं.

भाग पाहिला गेला गणपतीच्या जागरणाला. आरत्या झाल्या, बायकांचे फेर धरून झाले, पत्त्यांचे डाव बसले, आणि मागच्या पडवीत पोरांनी फोन टीव्हीला जोडला. संवाद इंग्रजी. कॉलेजात जाणारी एक मुलगी मध्येमध्ये थांबवून काय चाललंय ते आगरीत सांगत होती. या थांबण्याचा मोठा फायदा झाला. दर पाच-दहा मिनिटांनी चित्र गोठायचं आणि चर्चा सुरू व्हायची. गणपतीच्या घरात हे असलं कशाला, असं म्हणून काही वडीलधारी माणसं उठून गेली. त्यांचा आक्षेपही पुढे जसाच्या तसा दिला आहे. जी बसली त्यांच्याशी नंतर सवडीने बोललो. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. वय आणि काम मात्र दिलं आहे, कारण मत कुठून आलं ते कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. साल १८९७. डिमिटर नावाचं जहाज इंग्लंडकडे निघालं आहे. त्यावर मोजके प्रवासी: एक वृद्ध डचेस, एक लॉर्ड आणि त्याची नवी बायको, डॉक्टर शर्मा नावाचा हिंदुस्थानी माणूस आणि त्याची न बोलणारी लहान मुलगी यामिनी. आणि काउंट ड्रॅक्युला, उंची कपडे घातलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा. एकेक माणूस नाहीसा होत जातो. नऊ नंबरच्या केबिनमध्ये कोण आहे ते कुणालाच ठाऊक नाही. ही हकिगत ड्रॅक्युला स्वतःच सिस्टर अगाथा या जोगिणीला बुद्धिबळ खेळता खेळता सांगतो आहे, आणि ती ऐकताना अगाथाच्या लक्षात येतं की नऊ नंबरमध्ये आपणच आहोत. शेवटी अगाथा आणि कप्तान सोकोलोव्ह ठरवतात की हे जहाज बंदराला लागू द्यायचं नाही. उरलेल्या दोघांना होडीत बसवून ते जहाज उडवून देतात. ड्रॅक्युला पेटीसकट तळाशी जातो आणि १२३ वर्षांनी चालत किनाऱ्यावर येतो.

बुद्धिबळाचा डाव आणि केबिनचं कोडं ही या भागाची हुशारी. बीबीसीच्या लेखकांनी तिच्यावर बरीच मेहनत घेतली आहे. गडबमध्ये तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. एका शिक्षकांनी तिचं कौतुक केलं, बाकीच्यांनी ती मुकाट्याने पाहिली. बार्जवर पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या एका तांडेलाचा पहिला प्रश्न होता: सुकाणूवर कोण आहे? माणसं गायब व्हायला लागली आहेत, उरलेले सगळे खालच्या दालनात एकमेकांवर संशय घेत बसले आहेत, मग बोट चालवतंय कोण? दुसऱ्याने विचारलं, बोटीत माल काय भरलाय? एवढं मोठं जहाज पाच-सहा प्रवाशांसाठी कुणी हाकत नाही. तिसऱ्याला हवा होता लॉग. माणूस हरवला तर कप्तान आधी वहीत लिहितो, ही वही कुठे आहे?

हे तीन प्रश्न ऐकले आणि मी कादंबरीचं सातवं प्रकरण पुन्हा काढलं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं स्टोकरने दिलेली आहेत. त्याच्या डिमिटरवर प्रवासी नाहीतच. पाच खलाशी, दोन मेट, एक आचारी आणि कप्तान. माल म्हणजे तळाला भार म्हणून घातलेली रुपेरी वाळू आणि मातीने भरलेल्या मोठ्या लाकडी पेट्या. आणि सगळी हकिगत आपल्याला कळते ती कप्तानाच्या लॉगमधून. वार्ना बंदरातून ६ जुलैला निघाल्यापासून तो दिवसागणिक लिहीत जातो: आज एक खलाशी दिसत नाही, आज पहाऱ्यावरचा माणूस परत आला नाही. शेवटी तो एकटा उरतो. तेव्हा तो काय करतो? स्वतःचे हात सुकाणूला बांधून घेतो. वादळात जहाज व्हिटबीच्या बंदरात शिरतं, किनाऱ्यावरून त्याच्यावर सर्चलाइट पडतो आणि लोकांना दिसतं ते चाकाला बांधलेलं प्रेत. लॉगचा शेवटचा मजकूर त्याच्या खिशातल्या बाटलीत सापडतो.

स्टोकरने हे हवेतून आणलेलं नाही. १८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबीला राहिला होता. त्याच्या पाच वर्षं आधी, ऑक्टोबर १८८५ मध्ये, नार्वाहून आलेलं दिमित्री नावाचं रशियन जहाज तिथल्या वाळूवर चढलं होतं. त्यात रुपेरी वाळूच भरलेली होती. बंदरावरच्या माणसांकडून त्याने ती हकिगत मिळवली आणि टिपून ठेवली. नार्वाचं वार्ना केलं, दिमित्रीचं डिमिटर. खऱ्या जहाजावरची माणसं वाचली होती. कादंबरीतली त्याने मारली. पण वाळू, वादळ, बंदराचं तोंड हे सगळं त्याने जसंच्या तसं ठेवलं. भुतावर विश्वास बसावा म्हणून आधी बोटीवर विश्वास बसवला. कागदपत्रांची ही युक्ती गॉथिक कादंबरीच्या जन्मापासूनची आहे. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये 'द कासल ऑफ ऑट्रांटो' आणली तेव्हा प्रस्तावनेत ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर असल्याचं भासवलं होतं. जुनी वही, सापडलेलं पत्र, बाटलीतला कागद: या प्रकारातली भीती अशा पुराव्यांवर उभी असते.

सातव्या प्रकरणाची गोष्ट मी पडवीत पुन्हा सांगितली. तेव्हा जी शांतता पसरली ती भाग पाहताना पसरली नव्हती. आणि मग वाद झाला. या पुस्तिकेतला सगळ्यात मोलाचा ऐवज हाच वाद आहे.

एक बाजू मालिकेतल्या कप्तानाची. त्यांचं म्हणणं, बोटीत काय आहे ते कळल्यावर ती बंदराला न्यायची नाही. स्वतः मरायचं, पण गावात विष उतरू द्यायचं नाही. हे म्हणणाऱ्यांत परदेशी जहाजांवर काम करणारा एक तरुण होता. कोरोनाच्या वर्षी जगभर लाखो खलाशी जहाजांवर अडकून पडले, मुदत संपली तरी त्यांना उतरू दिलं नाही, हाही त्यांतलाच. बंदर दिसतंय आणि उतरता येत नाही म्हणजे काय, ते त्याला ठाऊक आहे. तरीसुद्धा तो म्हणाला की सोकोलोव्हने केलं ते बरोबर. दुसरी बाजू कादंबरीतल्या कप्तानाची. ती मांडली त्या म्हाताऱ्या तांडेलाने. बोट बंदराला लावणं हे तांडेलाचं काम, बाकीचं देवाचं. खलाशी गेले, मेट गेला, तरी हात सुकाणूवरून सोडायचा नाही. बोट बुडवणाऱ्याला त्याने तांडेल म्हणायला साफ नकार दिला.

माझं मत म्हाताऱ्याच्या बाजूचं आहे, आणि ते इथे नोंदवून ठेवतो. मालिकेतला शेवट शूर आहे, पण त्यात बोटीपुरती भीती संपते: वाईट होतं ते बुडालं, चांगल्या माणसांनी बलिदान दिलं. स्टोकरचा शेवट जास्त भयानक आहे. त्याच्याकडे कप्तान आपलं कर्तव्य चोख बजावतो आणि नेमकं त्यामुळेच ड्रॅक्युला इंग्लंडच्या जमिनीवर पाय ठेवतो. इमानदारीच्या पाठीवर बसून संकट गावात येतं. १९७५ पासून स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ने आणि त्यावर बेतलेल्या नारायण धारपांच्या 'लुचाई'ने हाच धागा पुढे नेला: वाईट शक्ती गावात येते ती साध्या कामातून, घर विकलं जातं, पेटी पोहोचवली जाते, कुणीतरी आपली मजुरी प्रामाणिकपणे करतो. धारपांचे वाचक पेण-अलिबागच्या वाचनालयांत एके काळी रांगेने असत. 'लुचाई' वाचलेली एक निवृत्त परिचारिका पडवीत होती. पेटी कोण उचलतं तिकडे लक्ष ठेवा, असं तिने पोरांना आधीच बजावलं होतं.

पण या भागाने रायगडच्या माणसाच्या मनात आणखी एक बोट आणली, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येच्या सुमाराचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली. सणाला घरी येणारे चाकरमानी, व्यापारी, बायकापोरं. वादळी समुद्रात बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळली ती पोहत बाहेर पडलेल्या माणसांकडून, काही तासांनी. मासेमारीवरून परतणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि माणसं वर ओढली. धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवर अशी घरं आहेत जिथे ही हकिगत अजून नातवंडांना सांगितली जाते.

डिमिटर बुडताना पाहून एका आजींनी रामदासचं नाव घेतलं. त्यांचं मत पुढे आहे, त्यातली एक गोष्ट इथे काढून ठेवतो. ड्रॅक्युलाची त्यांना भीती वाटली नाही. त्यांना होडीत बसून निघालेल्या त्या दोघा खलाशांचं पुढे काय झालं ते हवं होतं. ते घरी पोहोचले का? घरच्यांना काय सांगितलं? कुणाकुणाच्या दारात त्यांना जावं लागलं? मालिका त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. भयकथेच्या लेखकाने हा प्रश्न मनावर घ्यावा असं मला फार वाटतं. वाचलेला माणूस हा या प्रकारातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस आहे.

ड्रॅक्युला म्हणून क्लेस बँग या नटाचं काम सगळ्यांना आवडलं. तो आरडाओरडा करत नाही. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांमध्ये बसतो, प्रत्येकाची विचारपूस करतो. एक शेतकरी म्हणाला, हा आमच्याकडे जमिनी बघायला यायचा त्या दलालासारखा आहे. आत येऊ का म्हणून विचारतो आणि एकदा का तुम्ही या म्हणालात की संपलं. यावर पडवी हसली, पण त्याने हसण्यावारी म्हटलं नव्हतं. पेण तालुक्यात जमीन हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या बावीस गावांनी मतदान केलं होतं. आणि गंमत अशी की कादंबरीही याच व्यवहाराने सुरू होते. जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो काउंटला इंग्लंडमधली मालमत्ता विकत घेऊन द्यायला. कागदपत्रं, नकाशे, सह्या. ड्रॅक्युला परक्या मुलखात शिरतो तो खरेदीखत करून. इंग्रजीचे जाणकार या कादंबरीवर अनेक वर्षं लिहीत आले आहेत आणि ही जागा त्यांनीही हेरली आहे. गडबच्या शेतकऱ्याला ती कादंबरी न वाचता, नुसतं त्या माणसाचं दारात उभं राहणं पाहून दिसली.

शर्मा आणि यामिनी यांच्याबद्दल मतं सरळ दोन तट पाडतात. तरुणांना आपला माणूस त्या बोटीवर आहे याचंच बरं वाटलं. मोठ्यांनी विचारलं, १८९७ मध्ये हा डॉक्टर लेकीला घेऊन एकटा कुठून कुठे निघालाय, त्याचं गाव कोणतं? नाव दिलं म्हणजे माणूस आपला होत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

मग भुतांच्या नियमांचा विषय निघाला. बोलावल्याशिवाय घरात येत नाही, उन्हाला भितो, क्रॉसला भितो: ड्रॅक्युलाला नियम आहेत हे सगळ्यांना आवडलं. कोकणातल्या भुतांनाही आहेत. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्यापाशीच गाठतो. चकवा लागला तर धावायचं नाही, आहे तिथे बसून राहायचं, उजाडलं की वाट सापडते. पण काहींची तक्रार अशी की या मालिकेत नियम लेखकाच्या सोयीने सैल होतात, आणि तिसऱ्या भागात गोष्ट आजच्या लंडनमध्ये आणल्यावर तर नियमांचीच नव्याने उकल होते. जगभरातल्या प्रेक्षकांनीही तिसऱ्या भागावरच सर्वांत जास्त नाराजी दाखवली. गडबला निराळं वाटलं नाही.

टीव्हीवरचं भय इथे नवं नाही. १९९३ पासून झी टीव्हीवर रामसे बंधूंचा 'हॉरर शो' लागायचा; ज्या रामसेंनी मुरूडच्या नबाबाच्या राजवाड्यात भयपट चित्रित केले, त्यांच्याबद्दल रायगडात आपुलकी आहे. मतकरींच्या 'गहिरे पाणी'ची आठवण काढणारे आहेत. आणि 'रात्रीस खेळ चाले' तर २०१६ पासून घराघरांत शिरली. ती सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते असे आक्षेप घेतले गेले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली ज्या किमतीवर आला ते लक्षात घेता हे आक्षेप हलक्याने घेण्यासारखे नाहीत. याबद्दल मी प्रत्येकाला विचारलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने दिलेलं उत्तर मला सर्वांत नेमकं वाटलं: भूत दाखवण्याला माझी हरकत नाही, भुतावर उपाय म्हणून भगत दाखवला तर आहे. ड्रॅक्युलाच्या या भागात भगत नाही. प्रश्न विचारणारी, पुरावे जुळवणारी एक जोगीण आहे. म्हणून त्याने भाग शेवटपर्यंत पाहिला आणि मुलांनाही पाहू दिला.

मतं लिहून घेताना बोली बदललेली नाही. आगरी वाचायची सवय नसलेल्यांना सुरुवातीला अडखळायला होईल, पण प्रमाण मराठीत घातल्यावर त्या तांडेलाचं मत निम्मं विझत होतं. क्रम वयाचा किंवा मानाचा नाही. पहिलं मत त्या आजींचं ठेवलं आहे, ज्यांना होडीतल्या दोघांची काळजी होती. त्यांच्या पाठोपाठ जहाजावरच्या तरुणाचं आहे. आजींचा प्रश्न ऐकल्यावर त्याने आपलं आधीचं मत मागे घेतलं नाही, पण त्यात एक वाक्य वाढवलं. ते दोघं व्हिटबीला पोहोचले असतील तर त्यांनी कप्तानाच्या घरी जाऊन बोट कशी बुडाली ते खरंखरं सांगायला हवं होतं, असं तो म्हणतो. म्हातारा तांडेल त्याच्यापुढे आहे, आणि तो अजूनही ऐकायला तयार नाही.